नाग नदीकाठची पाखरे आणि गावची शाळा

(प्राथमिक शिक्षकांपुढील भाषणाचा मजकूर)



नागपूर शहराचे नाव कशावरून पडले, असा प्रश्न चौथीच्या वर्गात विचारला, तर ‘नाग नदीवरून’ हे उत्तर चटकन येते. पण त्याच मुलांना शहरात नेऊन एखाद्या पुलावरून ती नदी दाखवली, तर त्यांचा विश्वास बसत नाही. काळे पाणी, त्यावर तरंगणारा केरकचरा आणि दोन्ही बाजूंस उंच भिंती. ह्यालाच नदी म्हणावयाचे काय, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर उमटतो. पाठातील उत्तर आणि डोळ्यांपुढचे दृश्य ह्यांत असे अंतर पडले, की मुलाचा पुस्तकावरचा विश्वास तरी उडतो, नाहीतर स्वतःच्या डोळ्यांवरचा. शिक्षकाला ह्यांपैकी एकही परवडणारे नाही.

ह्या प्रश्नाचे खरे उत्तर पुलावर उभे राहून मिळत नाही. त्यासाठी नदीच्या काठाने उलट, उगमाच्या दिशेने चालावे लागते. शहराच्या पश्चिम अंगाला अंबाझरी तलाव आहे आणि त्या तलावाच्या मागे वन विभागाने राखलेले सुमारे साडेसातशे हेक्टरांचे अंबाझरी जैवविविधता उद्यान आहे. जी नदी खाली शहरात नाक मुरडावयास लावते, तिच्याच पाण्याच्या काठी येथे पहाटेपासून पाखरांची शाळा भरते. पुलावरची नदी आणि तळ्यावरची नदी ह्या दोन नाहीत. एकाच नदीचे हे दोन निकाल आहेत. माणसाने काय राखले आणि काय टाकले, ह्यावर ते ठरले आहेत. हा भेद मुलास समजला, की भूगोलाचा पाठ पुरा होतो आणि नागरिकशास्त्राचा सुरू होतो.

तळ्याची पूर्वपीठिका

वाडीजवळच्या लाव्हा गावाच्या परिसरातील टेकड्यांत नाग नदी उगम पावते. तेथून ती अंबाझरीत येते, शहरातून सुमारे सतरा किलोमीटर वाहते, पुढे गोरेवाड्याकडून येणाऱ्या पिवळी नदीला मिळते आणि कुही तालुक्याच्या अंगाने कन्हान नदीत जाते. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा ह्याने १७०२ साली ह्या नदीच्या काठी नागपूर वसवले. त्याचा मुलगा चांद सुलतान ह्याच्या काळात जुम्मा तलाव बांधला गेला. त्यालाच आज गांधीसागर म्हणतात. पुढे भोसल्यांचे राज्य आले, मग इंग्रजी अमदानी आली, आणि १८७० च्या सुमारास अंबाझरीचा बांध वाढवून शहराला पाणी देण्यात आले. १९१२ साली गोरेवाड्याचा तलाव झाला. आज शहराचे बहुतेक पिण्याचे पाणी पेंच प्रकल्पातून व कन्हान नदीतून येते. अंबाझरी मात्र पाखरांच्या कामी आली आहे.

ह्या इतिहासात शिक्षकाने ध्यानात घ्यावयाची गोष्ट एकच आहे. अंबाझरी हे काही अनादी अरण्य नव्हे. ते माणसाने बांधलेले तळे आहे. माणसाने बांध घातला, पाणी साठले, काठ तयार झाले, काठावर गवत व वेली आल्या आणि मग पाखरे आली. पूर्व विदर्भात कोहळी समाजातील कारागिरांनी बांधलेले, पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेलेले हजारो तलाव ह्याच रीतीने पाखरांची घरे झाले. म्हणून अंबाझरीबद्दल जे सांगावयाचे, ते बहुतांशी खेड्यातील तळ्यालाही लागू पडते. गावच्या शिक्षकाने शहरापर्यंत सहल नेली तर उत्तमच. पण नेता आली नाही, तरी धडा चुकत नाही. तो गावाबाहेर बांधाखाली वाट पाहत उभा असतो.

एका काठाच्या सहा वाड्या

गावात जशा निरनिराळ्या वाड्या असतात, तशाच तळ्याकाठीही असतात. वरवर पाहणाऱ्यास सारे पाणी एक आणि सारे पक्षी एक वाटतात. थोडे थांबून पाहिले, की प्रत्येकाची हद्द निराळी असल्याचे दिसून येते.

पहिली वाडी खोल पाण्याची. येथे टिबुकली राहते. माणसाची चाहूल लागताच ती बुडी मारते आणि भलत्याच ठिकाणी डोके वर काढते. मुलांना हा खेळ फार आवडतो. तिचे घरटे पाणवनस्पतींचे व तरंगते असते. घरटे सोडून जाताना ती अंडी ओल्या गवताने झाकून ठेवते. पाणकावळाही ह्याच वाडीतला. तो मासा धरून वर येतो आणि मग खुंटावर बसून दोन्ही पंख पसरतो. त्याचे पंख बदकाच्या पंखांप्रमाणे पाणी झटकून टाकत नाहीत, भिजतात. म्हणून त्याला ते उन्हात वाळवावे लागतात. काळा अंगरखा आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी हिवाळ्यात येथे थव्याने दिसतो. त्याला हे नाव कोणी दिले असेल, हे मुलांनाच विचारावे.

दुसरी वाडी उथळ पाण्याची आणि चिखलाची. येथे पायांची व चोचींची शाळा भरते. राखी बगळा पोटरीभर पाण्यात स्तब्ध उभा असतो. वंचक मातकट रंगात असा मिसळून जातो, की तो उडाल्यावर त्याचे पांढरे पंख पाहूनच तो तेथे होता हे कळते. शेकाट्याचे लांब गुलाबी पाय त्याला बगळ्यांच्या रांगेत नेतात, तर तुतवार व धोबी हे लहान पक्षी केवळ ओल्या कडेवर धावपळ करतात. ज्याचे पाय जितके लांब, त्याचे ताट तितके आत. अशी ही वाटणी आहे. त्यामुळे एकाच काठावर दहा जातींचे पक्षी भांडणावाचून जेवतात. तळे एकसारखे खोल खणले आणि काठ सरळ उभा केला, की ही पंगतच उठते.

तिसरी वाडी पाणवनस्पतींची. कमळाच्या व शिंगाड्याच्या पानांवरून लांब बोटांचा कमळपक्षी जमिनीवरून चालावे तसा चालतो. त्याचे वजन लांबच लांब बोटांवर विभागले जाते, म्हणून पान बुडत नाही. ह्याच्या घरी एक नवलाची रीत आहे. मादी अंडी घालून निघून जाते. अंडी उबवणे आणि पिले सांभाळणे ही कामे नर करतो. पाणकणसांच्या दाटीत जांभळी पाणकोंबडी वावरते. काठच्या बाभळीच्या फांदीवर, खाली पाणी असेल अशा जागी, सुगरणीची घरटी झुलतात. ती विणतो नर. मादी येऊन पाहते आणि पसंत पडले तरच राहते.

चौथी वाडी मातीच्या उभ्या दरडीची. हिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही आणि म्हणूनच ती सर्वांत आधी नाहीशी होते. खंड्या झाडावर घरटे बांधत नाही. तो दरडीत हात-दोन हात लांबीचे बीळ कोरून त्यात अंडी घालतो. वेडा राघूही मातीतच बीळ करतो. नदीचा काठ दगडसिमेंटने बांधून काढला, की पाण्यात मासे असूनही खंड्याला घर राहत नाही. मग तो विजेच्या तारेवर बसलेला काही वर्षे दिसतो, आणि पुढे दिसेनासा होतो.

पाचवी वाडी माळाची. अंबाझरीच्या उद्यानात पाण्याइतकेच मोल ह्या गवताळ माळाला आहे. चंडोल गवतात घरटे करतो आणि गात गात आभाळात चढतो. तित्तिर व लावा ह्याच गवतात दडतात. टिटवी उघड्या जमिनीवर चार अंडी घालते; त्यांचा रंग मातीखड्यांसारखा असल्याने ती पायाशी असूनही दिसत नाहीत. कापशी घार हवेत एका जागी पंख हलवीत थांबते आणि उंदरावर झडप घालते. हिवाळ्यात भोवत्या नावाचे शिकारी पक्षी उत्तरेकडून येतात, दिवसभर गवतावरून खालून उडत शिकार शोधतात आणि रात्री गवतातच मुक्काम करतात. सरकारी दप्तरात ‘पडीत’ म्हणून नोंदलेली जमीन पाखरांच्या दप्तरात अशी भरवस्तीची असते.

सहावी वाडी झाडीची. येथे हळद्या, कोतवाल, शिंपी, बुलबुल आणि टोळीने हिंडणारे सातभाई आढळतात. वड, पिंपळ, उंबर फळले, की महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल थव्याने उतरतो. पानांच्या रंगात तो असा लपतो, की झाडच हलते आहे असे वाटावे. नागपूरच्या जुन्या झाडांवर राखी धनेश अजूनही दिसतो. मादी ढोलीत बसून तिचे तोंड लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते, आणि पिले वाढेपर्यंत नर तिला त्या फटीतून चारा पुरवतो. ढोलीसाठी झाड म्हातारे असावे लागते. पाच हजार रोपे लावली, तरी एका तोडलेल्या जुन्या झाडाची भरपाई धनेशाच्या हयातीत होत नाही, हे गणित पाचवीच्या मुलालाही समजते.

पाहुण्यांचे वेळापत्रक

शाळेचे जसे वेळापत्रक असते, तसे तळ्याचेही असते. मृगाच्या सुमारास आफ्रिकेकडून येणारा चातक दिसू लागतो. त्याच दिवसांत दक्षिण भारतातून व श्रीलंकेतून नवरंग विदर्भाच्या झाडीत येतो, येथे पिले वाढवतो आणि पावसाळा सरला की परततो. सप्टेंबर संपता संपता धोबी अंगणात शेपूट हलवीत फिरू लागला, की थंडी जवळ आली असे समजावे. नोव्हेंबरापासून तलवार बदक, थापट्या, चक्रवाक असे उत्तरेचे पाहुणे पाण्यावर उतरतात. काही वर्षी पट्टकादंबही येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस तिबेट, लडाख व मंगोलिया ह्या प्रदेशांत पिले वाढवतो आणि हिमालय ओलांडून भारतात उतरतो; त्याचे उड्डाण सात हजार मीटरांहून अधिक उंचीवर नोंदले गेले आहे. फाल्गुनात पळस फुलला, की पळसमैनांचे गुलाबी-काळे थवे मधासाठी त्यावर गर्दी करतात. मध्य आशियातील आपल्या घरी परतल्यावर ते टोळ फस्त करतात.

ह्यातील चक्रवाक जुन्या काव्यांतून मुलांच्या आधीच ओळखीचा असतो. रात्री विरहाने एकमेकांस साद घालणारी ती जोडी म्हणजे नदीकाठी प्रत्यक्ष दिसणारे केशरी रंगाचे बदक आहे, हे कळल्यावर भाषेच्या पाठालाही एक काठ मिळतो. वन विभागात नोकरी करून मराठीला पाखरांची भाषा देणारे मारुती चितमपल्ली ह्यांचे वास्तव्य अनेक वर्षे नागपुरात होते. रानात राहणाऱ्या माणसांकडून त्यांनी पक्ष्यांची नावे गोळा केली, पक्षिकोश रचला. बगळ्यांच्या वसाहतीसाठी मराठीत रूढ झालेला ‘सारंगागार’ हा शब्द त्यांचाच. २०२५ च्या जून महिन्यात त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली ह्यांचा १२ नोव्हेंबर. म्हणून हा आठवडा महाराष्ट्र शासनाने २०२० सालापासून पक्षी सप्ताह ठरवला आहे. शाळेला वर्षारंभी एक तारीख वहीत लिहून ठेवावयाची असेल, तर ती हीच.

दिसते तसे नसते

पाखरे पाहताना शिक्षकाची फसगत होण्याच्या काही जागा आहेत. त्या आधी माहीत असलेल्या बऱ्या.

पहिली जागा गर्दीची. शहराच्या सांडपाण्यात शेकाट्यांचे मोठे थवे दिसतात. इतके पक्षी आहेत म्हणजे पाणी चांगले असले पाहिजे, असे मुलांना वाटणे स्वाभाविक आहे. वास्तविक घाण पाण्यात काही विशिष्ट किडे व अळ्या बेसुमार वाढतात आणि त्यांवर जगणाऱ्या थोड्या जाती तेथे गर्दी करतात. मासे खाणारे, बुडी मारणारे, पाणवेलींत राहणारे मात्र निघून गेलेले असतात. म्हणून डोकी किती हे मोजून भागत नाही. जाती किती हे मोजावे लागते. ज्या तळ्यावर वीस जातींचे शंभर पक्षी आहेत, ते तळे दोन जातींचे हजार पक्षी असलेल्या तळ्याहून निरोगी समजावे.

दुसरी जागा हिरवाईची. जलपर्णीने तळे झाकले, की दुरून ते हिरवेगार कुरण दिसते. तिची जांभळी फुले तर सुंदरच असतात. परंतु त्या चादरीखाली ऊन पोहोचत नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. अंबाझरीलाही ह्या जलपर्णीने अलीकडच्या वर्षांत सतावले आहे. सांडपाण्यातून येणारे खत तिला पोसते. तेव्हा ती उपटून टाकणे हा अर्धाच उपाय होतो.

तिसरी जागा पुण्याची. माळावर झाडे लावणे हे सत्कृत्य आहे, अशी सर्वांची समजूत असते. शाळेचा वृक्षारोपणाचा दिवस आला, की मोकळी जागा म्हणून माळच आठवतो. पण चंडोल, तित्तिर, भोवत्या ह्यांना झाडी नको असते. त्यांना उघडे गवतच हवे. झाडे शाळेच्या कुंपणाशी, रस्त्याच्या कडेला, ओढ्याच्या काठी लावावीत. आणि माळ हा माळच राहू द्यावा. उन्हाळ्यात त्याला वणवा लागणार नाही एवढी काळजी घेतली, तरी पुष्कळ झाले.

चौथी जागा सौंदर्याची. तळ्याचे सुशोभीकरण म्हटले, की काठाला फरसबंदी, मध्ये कारंजे आणि रात्रभर दिवे, असे चित्र डोळ्यांपुढे येते. माणसाला ते देखणे वाटते. पण उथळ काठ, चिखल, पाणकणीस, दरड आणि अंधार ह्या पाच गोष्टी त्यातून वजा झालेल्या असतात, आणि वर सांगितलेल्या वाड्यांपैकी निम्म्या उठलेल्या असतात.

काठाची आणि पाण्याच्या वाटेची किंमत पाखरांपुरतीच आहे, असे कोणी समजू नये. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेपूर्वी नागपुरात अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदीचे पाणी झोपलेल्या वस्त्यांत शिरले. माणसे दगावली, संसार वाहून गेले. नदीला पसरावयास जी जागा लागते ती बांधकामांनी अडवली, की पाणी आपली जागा घरांतून शोधते. पाखरांसाठी मोकळा ठेवलेला ओला काठ हाच पुराच्या रात्री माणसांच्या उपयोगी पडतो. निसर्गाभ्यासाचा हा धडा भावनेचा नसून हिशेबाचा आहे.

पाणी खाली येते

येथवरचे वर्णन ऐकून खेड्यातील शिक्षक म्हणेल, की हे शहराचे दुखणे आहे. गावाशी त्याचा संबंध काय? संबंध असा, की पाणी खाली येते. शहराने नदीत टाकलेले सारे घेऊन नाग कन्हानेत जाते, कन्हान आंभोऱ्यापाशी वैनगंगेला मिळते आणि ते पाणी पुढे गोसेखुर्द धरणाच्या जलाशयात साठते. आद्य मराठी कवी मुकुंदराज ह्यांचे नाव परंपरेने ज्या आंभोऱ्याशी जोडले जाते, तेथे संगमाच्या दर्शनास येणारा यात्रेकरू नागपूरच्या मोऱ्यांचेच पाणी ओंजळीत घेतो. कुही व भंडारा भागांतील शेतकऱ्याला आणि ढिवराला ह्या पाण्याचा त्रास सोसावा लागतो. दोष त्याचा नसतो. देशाच्या पाण्याचा व प्रदूषणाचा अभ्यास करणारी ‘नीरी’ ही संस्था १९५८ सालापासून नागपुरातच आहे, आणि तरीही नागपूरच्या नदीची ही अवस्था झाली. केवळ ज्ञान जवळ असून भागत नाही. ते घराघरांत जावे लागते, आणि घराघरांत जाण्याचा सर्वांत जुना मार्ग प्राथमिक शाळेतून जातो.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजातील स्त्रीपुरुषांनी अभ्यासकांच्या साह्याने काही तलाव हाती घेतले. तलावात माजलेली बेशरम त्यांनी उपटली, गाळपेरातील माती नांगरली आणि जुन्या माणसांच्या आठवणीतील देशी पाणवनस्पती शोधून पुन्हा लावल्या. वनस्पती आल्या तसे स्थानिक मासे वाढले. माशांमागोमाग पाखरे आली. ह्या कामी मोठे यंत्र लागले नाही. कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या कामाची आणि कोणत्या पाखराच्या, हे ज्यांना ठाऊक होते, त्यांचे ऐकून घेतले गेले. यशाचे बीज त्यात होते.

शाळेने काय करावे

परिसर अभ्यासाच्या तासाला पुढील क्रम ठेवल्यास एकशिक्षकी शाळेतही हे काम होण्यासारखे आहे.

१. एक जागा, एक वेळ. गावच्या तळ्याचा, ओढ्याचा किंवा बोडीचा एक कोपरा निवडावा. आठवड्यातून एकदा, सकाळी शाळा भरताच, अर्धा तास तेथे शांत बसावे. दरवेळी नवी जागा पाहण्यापेक्षा तीच जागा वर्षभर पाहण्याने अधिक शिकता येते. मुले काठापासून दूर, सावलीत बसवावीत. पावसाळ्यात पाण्याजवळ नेऊ नयेत.

२. चार रकान्यांची वही. तारीख, पक्षी, कोठे दिसला, काय करीत होता, एवढे चारच रकाने आखावेत. नाव ठाऊक नसेल तर ‘लांब पायांचा, गुलाबी पायांचा’ असे वर्णन लिहावे. चुकीचे नाव लिहिण्यापेक्षा बरोबर वर्णन लिहिणे हे शास्त्राच्या दृष्टीने मोठे काम आहे.

३. गावची नावे आधी. छापील नाव नंतर सांगावे. गावात त्या पाखराला काय म्हणतात, ते आधी विचारावे. आजीआजोबांकडून ही नावे गोळा करून आणण्यास सांगितले, तर भाषेचा एक ठेवा शाळेत जमा होतो.

४. सर्व विषयांशी सांधा. महिन्याच्या नोंदींवरून स्तंभालेख काढला की गणित झाले. चक्रवाकाची वाट नकाशावर दाखवली की भूगोल झाला. ‘टिटवीची तक्रार’ असा निबंध दिला की भाषा झाली. त्यासाठी स्वतंत्र तास मागावा लागत नाही.

५. भीती घालवावी. टिटवी रात्री ओरडली की अशुभ घडते, पिंगळा घरावर बसला की माणूस मरतो, असे समज अजून घरोघरी आहेत. टिटवी ओरडते ती आपल्या अंड्यांजवळ कोणी आले म्हणून. पिंगळा येतो तो किड्यांसाठी व उंदरांसाठी. उघड्या चोचीचा करकोचा धानाच्या बांधीत उतरतो तो गोगलगायी वेचण्यासाठी. त्याच्या चोचीतील फट त्याच कामासाठी आहे. शेतकऱ्याच्या मुलाला ह्या पाखराची मजुरी सांगितली, की त्याला तो हुसकावणार नाही.

६. घरट्याला हात नाही. अंडी, पिले, घरटी ही दुरून पाहावयाची वस्तू आहे, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपाखरांची शिकार करणे आणि अंडी काढणे ह्यांस बंदी आहे. तरीही गलोल हिसकावून घेण्याने काम होत नाही. ज्या मुलाच्या हाती गलोल आहे, त्याच्याच हाती वही द्यावी. पाखरू कोठे बसते, केव्हा उडते, हे त्याच्याइतके वर्गात कोणालाच ठाऊक नसते.

शेवटची ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. प्रत्येक शाळेत एखादे मूल असे असते, की जे वाचनात मागे पडते, पाढ्यांत अडखळते आणि शेवटच्या ओळीत बसते. ते बहुधा गुराख्याचे, ढिवराचे वा रानात जाणाऱ्या आईचे मूल असते. तळ्याच्या काठी गेल्यावर मात्र तेच मूल पुढे येते. कोणत्या बाभळीत बगळ्यांची वसाहत आहे, टिबुकली कोणत्या अंगाला वर येईल, हे ते बोट दाखवून सांगते. त्या दिवशी वर्गातील पहिला विद्यार्थी त्याच्याकडे विचारावयास जातो. शिक्षकाने ही संधी दवडू नये. त्याने सांगितलेले नाव फळ्यावर त्याच्याच हातून लिहून घ्यावे. अक्षर वाकडे आले तरी चालेल. जे आपल्याला ठाऊक आहे ते लिहिता येते, हा शोध त्या मुलाला त्या फळ्यावर लागतो, आणि तेथून पुढे त्याचे वाचन सुधारण्यास सुरुवात होते.

वर्षाअखेर ही वही शाळेच्या कपाटात पडून राहू नये. तिच्यातील मुख्य नोंदी मुलांनी ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात. तळ्यावर किती जाती दिसतात, कोणत्या महिन्यात, कोणत्या काठाला. हे गावाला एकदा कळले, की तळ्याच्या कामाचा ठराव मांडताना ‘तो उथळ काठ तसाच ठेवा’ असे म्हणणारा एक तरी आवाज सभेत उठतो. पुढच्या वर्षीच्या मुलांनी त्याच जागी बसून तीच वही पुढे लिहावी. दहा वर्षांनी त्या गावाजवळ आपल्या पाण्याचा असा इतिहास असेल, की जो कोणत्याही कचेरीत मिळणार नाही.

नाग नदीच्या उगमापाशी पाखरे अजून आहेत. पुलाखाली ती राहिली नाहीत. ह्या दोन जागांमधील अंतर थोड्या किलोमीटरांचे आहे, परंतु ते कापले गेले ते हळूहळू, कोणाच्या ध्यानात न येता, एकेक काठ गमावीत. गावचे तळे आज उगमाच्या बाजूला आहे. ते पुलाखालच्या बाजूला जाऊ नये, अशी ज्याची इच्छा असेल, त्या शिक्षकाने येत्या सोमवारी चार रकाने आखलेली एक वही आणि पाचदहा मुले घेऊन बांधावर जावे. पहिल्या दिवशी बगळा आणि टिटवी एवढेच दिसतील. तेवढ्यांनीच पहिले पान भरावे.